भुलीची इंजेक्शनं परदेशी पाठवताना: माल मृत्युदंडाच्या खोलीत जाऊ नये म्हणून काय करावं

थायोपेंटोन, मिडाझोलम, पॅनक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, प्रोपोफोल, पोटॅशियम क्लोराइड. यातलं एखादं इंजेक्शन तुमच्या किंमत-यादीत असेल आणि तुम्ही ते देशाबाहेर पाठवत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. कारखानदार असा, दुसऱ्याचा माल घेऊन बाहेर विकणारे मर्चंट एक्स्पोर्टर असा, की निर्यात विभागात नुकतेच लागलेले बी.फार्म. असा. अमेरिकेतली काही राज्यं हीच औषधं माणूस मारायला वापरतात आणि ती मिळवण्यासाठी त्यांनी मुंबईपर्यंत हात पोचवलेले आहेत.

मी आधी रुग्णालयाच्या औषध भांडारात काम केलं. ऑपरेशन थिएटरला रोजचा माल काढून देणं हे माझं काम. आता अंधेरीतल्या एका कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघते. या दोन्ही कामांमुळे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. निर्यातीचे कागद सांगतात की माल कुणी घेतला. सुई कोण टोचणार, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, आणि आपल्याला विचारायचं असतं ते नेमकं तेच.

फाशी असावी की नसावी यावर माझं मत आहे, पण या कामाला ते लागत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. प्रश्न एवढाच, की रुग्णाला न दुखता शस्त्रक्रिया व्हावी म्हणून बनवलेलं औषध आपण कुणाच्या हाती देतो.

आधी इतिहास, कारण त्यात सगळ्या पळवाटा दिसतात

अमेरिकेत विषारी इंजेक्शननं पहिला मृत्युदंड डिसेंबर १९८२ मध्ये टेक्सासात दिला गेला. पुढे बहुतेक राज्यांची पद्धत ठरून गेली: आधी भूल देणारं थायोपेंटोन, मग स्नायू लुळे पाडणारं औषध, शेवटी हृदय थांबवणारं पोटॅशियम. थायोपेंटोन बनवणारी तिथली एकमेव कंपनी हॉस्पिरा. तिनं उत्पादन इटलीतल्या लिस्काते इथल्या कारखान्यात न्यायचं ठरवलं, तेव्हा इटलीच्या सरकारनं हमी मागितली की हे औषध मृत्युदंडासाठी जाणार नाही. तशी हमी देता येत नाही म्हणून जानेवारी २०११ मध्ये हॉस्पिरानं उत्पादनच बंद केलं. अमेरिकेतल्या साध्या रुग्णालयांचंही थायोपेंटोन त्याबरोबर गेलं.

त्याआधीच राज्यं बाहेर शोधू लागली होती. लंडनमध्ये एका ड्रायव्हिंग स्कूलच्या जागेतून चालणाऱ्या छोट्या औषध व्यापाऱ्याकडून माल गेला. ते उघडकीस आल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये ब्रिटननं निर्यातीवर निर्बंध घातले. लंडनचं दार लागलं तशी चौकशी मुंबईला आली. केयम फार्मास्युटिकल्सनं नेब्रास्का आणि साउथ डकोटाच्या तुरुंग खात्यांना थायोपेंटोन विकलं. बोभाटा झाल्यावर एप्रिल २०११ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की यापुढे या कामासाठी विकणार नाही.

त्यानंतरचं नारीचं प्रकरण प्रत्येक निर्यातवाल्यानं पाठ करून ठेवावं. नारी ही स्वित्झर्लंडची कंपनी, कारखाना भारतात. कोलकात्याचा एक दलाल त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, झांबियात हे औषध नोंदवायचं आहे, भुलीसाठी तिथे मोठी गरज आहे, नमुने द्या. कंपनीनं ४८५ व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, फुकट दिल्या. दलालानं त्या नेब्रास्काच्या तुरुंग खात्याला ५,४११ डॉलरला विकल्या. कंपनीच्या प्रमुखांना कळलं तेव्हा नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी थेट नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहून माल परत मागितला. राज्यानं तो दिला नाही. मात्र त्या व्हायल कुणालाच टोचल्या गेल्या नाहीत, डिसेंबर २०१३ मध्ये त्यांची मुदत संपली. २०१५ मध्ये त्याच दलालाला त्याच राज्यानं थायोपेंटोन आणि पॅनक्युरोनियमसाठी ५४,००० डॉलरच्या वर मोजले. तो माल पोचलाच नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत.

कारखान्यानं इथे काय बेकायदा केलं? काहीच नाही. लायसन्स होतं, दर्जा होता, गरीब देशाला औषध देण्याची इच्छा होती. एवढं सगळं असून माल तुरुंगात गेला.

सरकारी चाळणी कुठपर्यंत पुरते

मिडाझोलम आणि पेंटोबार्बिटल ही झोप आणणारी औषधं आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहेत. त्यांच्या निर्यातीला ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोची परवानगी लागते आणि तिकडच्या देशाचं आयातपत्रही लागतं. तिथे निदान दोन सरकारं कागद बघतात. थायोपेंटोन त्या यादीत नाही. पॅनक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, पोटॅशियम क्लोराइडही नाहीत. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), ड्रग लायसन्स, इन्व्हॉइस, शिपिंग बिल जमलं की सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, माल सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, कार्गोत लावतो आणि पेटी निघते.

युरोपीय संघानं डिसेंबर २०११ मध्ये थायोपेंटोन, पेंटोबार्बिटल अशा बार्बिट्युरेट गटातल्या औषधांच्या निर्यातीसाठी आधी परवानगी घेण्याची अट घातली, ती छळाच्या साधनांवरच्या नियमाखाली. आपल्याकडे अशी अट नाही. समोरच्या बाजूलाही भरवसा ठेवू नका. २०१५ मध्ये टेक्सास आणि ॲरिझोनानं मागवलेल्या प्रत्येकी हजार व्हायल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकानं, विमानतळावर अडवल्या, कारण न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं होतं की मान्यता नसलेलं हे औषध आत घेता येणार नाही. पण २०१९ मध्ये तिथल्या न्याय खात्यानं मत दिलं, की मृत्युदंडासाठी आणलेल्या औषधावर एफडीएचा अधिकारच चालत नाही. त्यात अनेक राज्यांनी पुरवठादाराचं नाव गुप्त ठेवण्याचे कायदे केले आहेत. माल एकदा तिथे पोचला की तो तुमचा होता हे तुम्हालाही कळायचं नाही. जे काय करायचं ते तुमच्या टेबलावर, पेटी निघायच्या आधी.

चौकशीचा मेल कसा वाचायचा

मी देश नंतर बघते. आधी मागणीची यादी बघते, कारण थिएटरची यादी मला हातावरच्या रेषांसारखी ठाऊक आहे. खऱ्या भूलतज्ज्ञाच्या मागणीत थायोपेंटोन कधी एकटं येत नाही. सोबत थिएटरमधली नेहमीची बाकीची औषधं असतात: स्कोलिन असतं, ॲट्रोपिन असतं, केटामिन असतं, सेव्होफ्लुरेन असतं. आणि मुख्य म्हणजे स्नायू लुळे पाडणारं औषध मागितलं असेल तर ते उतरवणारंही मागितलेलं असतं: निओस्टिग्मिन, ग्लायकोपायरोलेट. कारण शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्णाला पुन्हा स्वतःचा श्वास घ्यायचा असतो. पॅनक्युरोनियम शेकड्यांनी हवंय आणि निओस्टिग्मिन एकही नको, अशी यादी दिसली की हातातलं काम बाजूला ठेवा. या खरेदीदाराला कुणी उठायला नको आहे.

एका वस्तूची मागणी म्हणजे गुन्हाच असं नव्हे. सरकारी टेंडर वस्तूनिहाय निघतात, एखाद्या देशात एकाच औषधाचा तुटवडा पडतो. म्हणून ही खूण मिळाली की थेट नकार देऊ नका, प्रश्न विचारा. उत्तरावरून बरंच कळतं. खरा माणूस टेंडरची प्रत पाठवतो, रुग्णालयांची नावं देतो, उलट तुम्हालाच विचारतो की पॅक ५०० मिलिग्रॅमचं आहे की १ ग्रॅमचं. दुसऱ्या प्रकारचा माणूस चिडतो किंवा भाव वाढवून देतो.

एक्स्पायरीबद्दलचा आग्रह बघा. रुग्णालय लांब मुदत मागतं कारण माल महिनोन्‌महिने वापरायचा असतो. तुरुंगाला तारीख गाठायची असते. एप्रिल २०१७ मध्ये आर्कान्साॅनं ११ दिवसांत आठ जणांना मृत्युदंड देण्याचं ठरवलं, कारण त्यांच्याकडच्या मिडाझोलमची मुदत महिनाअखेर संपत होती. त्यातले चार प्रत्यक्षात दिले गेले. अमुक तारखेच्या आत पोचलंच पाहिजे, ब्रँड कुठलाही चालेल, भावाची घासाघीस नाही, असं औषधाच्या धंद्यात फार क्वचित घडतं. आपले आफ्रिकेतले खरे ग्राहक एका सेंटसाठी आठवडाभर भांडतात.

पत्ता नकाशावर टाकून बघा. हॉस्पिटल आहे का, गोदाम आहे का, की नुसतं कुरियर घेणारं ऑफिस? पैसे कुणाच्या खात्यातून येणार, आणि ते नाव ऑर्डरवरच्या नावाशी जुळतं का? नागपूर-मुंबईच्या ड्रॉपशिपिंगवाल्यांकडून, म्हणजे ऑर्डर घेऊन माल थेट ग्राहकाच्या घरी पाठवणाऱ्यांकडून, आलेली इंजेक्शनची मागणी मी सरसकट नाकारते. गोळ्यांचं एक वेळ समजू शकते. शिरेतून द्यायचं भुलीचं औषध घरपोच कुणाला लागतं?

डॉक्टरच्या लायसन्स क्रमांकावर समाधान मानू नका. त्याच आर्कान्साॅ प्रकरणात मॅकेसन या बड्या वितरकानं न्यायालयात तक्रार केली, की व्हेक्युरोनियमची ऑर्डर डॉक्टरच्या लायसन्सवर आली, म्हणून ते वैद्यकीय कामासाठीच आहे असं आम्ही समजलो. क्रमांक खरा होता. म्हणून मी भूलतज्ज्ञाचं नाव मागते, तो कुठल्या रुग्णालयात आहे ते विचारते आणि रुग्णालयाच्या जाहीर नंबरवर फोन लावते. मेलच्या खाली दिलेल्या नंबरवर नाही.

‘पुढे तो काय करेल ते त्याचं’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं

हे वाक्य तुम्हाला ऑफिसातच ऐकू येईल. आमच्या शेठनी मला ते एकदा ऐकवलं. मी त्यांच्यापुढे आमच्याच व्हायलचं लेबल आणि आतला कागद ठेवला. भुलीच्या औषधाच्या कागदावर लिहिलेलं असतं, की हे भूलशास्त्राचं प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीनंच द्यावं, श्वास चालू ठेवण्याची साधनं हाताशी असावीत. हे आपण लिहितो, आपल्या सहीनं. आता तुरुंगात हे कोण पाळणार?

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिता डॉक्टरला मृत्युदंडात भाग घ्यायला मनाई करते. तिथल्या भूलतज्ज्ञांच्या मंडळानं २०१० मध्ये सांगितलं, की असं करणाऱ्याचं प्रमाणपत्र काढून घेतलं जाऊ शकतं. मार्च २०१५ मध्ये फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेनंही आपल्या सदस्यांना यात पडू नका असं सांगितलं. म्हणजे हे औषध द्यायला जो लायक आहे त्याच्या व्यवसायानंच त्याला मनाई केली आहे. मग राहतो तो ज्याला शीर नीट सापडेल की नाही याची खात्री नाही असा माणूस.

थायोपेंटोन मी जवळून बघितलं आहे. फिकट पिवळी पूड, ५०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये २० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून विरघळवायची. द्रावण इतकं अल्कलीयुक्त, की शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम आधी थोडंसं देऊन थांबायच्या, रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायच्या, हात दुखतोय का विचारायच्या, मगच पुढचं द्यायच्या. २९ एप्रिल २०१४ ला ओक्लाहोमात क्लेटन लॉकेट या कैद्याच्या मृत्युदंडाच्या वेळी शिरेतली सुई नीट बसलीच नव्हती. औषध आजूबाजूच्या मांसात जात राहिलं, तो कण्हत, तडफडत होता आणि सुरुवातीपासून सुमारे ४३ मिनिटांनी मेला. त्यात वापरलेलं मिडाझोलम हे आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात एंडोस्कोपीच्या आधी देतात तेच.

शेठनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो वजनदार आहे. कंपन्यांनी हात आखडला म्हणून राज्यं थांबली का? नाही. काहींनी नाव लपवून कंपाउंडिंग फार्मसीकडून, म्हणजे मागणीप्रमाणे औषध तयार करून देणाऱ्या दुकानाकडून, पेंटोबार्बिटल बनवून घेतलं. टेनेसीत २०२२ मध्ये औषधाच्या चाचण्या पूर्ण झाल्या नव्हत्या हे कळल्यावर राज्यपालांना ऐन वेळी मृत्युदंड थांबवावा लागला. अलाबामानं जानेवारी २०२४ मध्ये केनेथ स्मिथला नायट्रोजन देऊन मारलं. आपल्या नकारानं काही माणसांचं मरण जास्त क्रूर झालं असेल, हे मी नाकारत नाही आणि ते मला टोचतं. पण मारायचं ठरवणारं ते राज्य आहे. चांगल्या प्रतीचं औषध मिळालं की ते काम सभ्य होतं, हा दिलासा आपल्या कारखान्यानं पुरवायचा नाही.

पैशाचा हिशोबही शेठना दाखवा. नेब्रास्कानं केयमकडून केलेली पहिली खरेदी दोन हजार डॉलरच्या आसपासची होती. त्यासाठी कंपनीचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं.

करारात आणि इन्व्हॉइसवर काय लिहायचं

लुंडबेक या डॅनिश कंपनीनं जुलै २०११ मध्ये पेंटोबार्बिटलची विक्री एकाच ठरावीक मार्गानं सुरू केली. प्रत्येक ऑर्डर तपासायची आणि खरेदीदारानं लिहून द्यायचं की मी पुढे विकणार नाही. फायझरनं मे २०१६ मध्ये सात औषधांसाठी असंच केलं. आपल्याला त्यांच्याएवढी यंत्रणा लागत नाही, एक पान लागतं. आमच्या पानात असं असतं: हा माल फक्त रुग्णांच्या उपचारासाठी आहे. तुरुंग, सुधारगृह खातं किंवा त्यांच्यासाठी खरेदी करणाऱ्या कुणालाही तो विकता, देता, हस्तांतरित करता येणार नाही. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय पुनर्निर्यात नाही. अट मोडल्यास कंपनी पूर्ण किंमत देऊन माल परत घेईल आणि खरेदीदारानं तो द्यायलाच हवा.

‘पूर्ण किंमत देऊन’ हे शब्द वगळू नका. न्यायालयात परत मागताना तुम्ही पैसे द्यायला तयार होता हे दिसलं पाहिजे. हेच वाक्य इन्व्हॉइसवर आणि बाहेरच्या कार्टनवरही छापा, कारण करार खरेदीदाराच्या फाइलीत राहतो आणि कार्टन पुढच्या हातात जातं.

नमुन्यांना विक्रीपेक्षा कडक नियम लावा, नारीच्या घोड्यानं तिथेच पेंड खाल्ली. नोंदणीसाठी तिकडच्या औषध नियंत्रकाला किती व्हायल लागतात हे त्यांच्या नियमात असतं. तेवढ्याच द्या. आम्ही त्या दलालाच्या हाती देत नाही, थेट नियंत्रकाच्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवतो आणि पोच मागवतो. प्रत्येक व्हायलवर ‘नमुना, विक्रीसाठी नाही’ असा शिक्का. दलाल म्हणतो की लेबल चांगलं दिसत नाही. न दिसू दे.

कच्चा माल, म्हणजे एपीआय विकत असाल तर आणखी जपून. पेंटोबार्बिटलची पूड कंपाउंडिंग फार्मसीपर्यंत पोचते ती मधल्या पुनर्पॅकिंगवाल्यांमार्फत. तयार इंजेक्शन बनवणाऱ्या, मान्यता असलेल्या कारखान्याशिवाय कुणाला ती देऊ नका.

हे सगळं करताना निर्यातच बंद करण्याच्या मोहात पडू नका. तालुक्याच्या गावी अचानक सिझेरियन करायची वेळ येते, अपस्माराचा झटका थांबतच नाही, अशा ठिकाणी थायोपेंटोन आजही जीव वाचवतं. २०१२ मध्ये मिसुरीनं प्रोपोफोल वापरायचं ठरवलं, त्यावर युरोपानं निर्यात रोखली तर अमेरिकेतली थिएटरं ओस पडतील अशी भीती उभी राहिली. तिथल्या भूलतज्ज्ञांनी ओरड केली आणि २०१३ मध्ये राज्यपालांना माघार घ्यावी लागली. वितरकाकडून नजरचुकीनं गेलेल्या २० व्हायल परत मिळवायला मात्र बरेच महिने गेले.

आणि हा प्रश्न कायम अमेरिकेचाच राहील असं समजू नका. आपल्या विधी आयोगानं २००३ च्या १८७ व्या अहवालात फाशीला पर्याय म्हणून विषारी इंजेक्शनची शिफारस केली होती. २०१७ मध्ये फाशीची पद्धत बदलावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. उद्या इथलाच एखादा तुरुंग विभाग कोटेशन मागेल, तेव्हा उत्तर आधी ठरलेलं असावं.

माल निघून गेल्यावर शंका आली तर

पहिल्या तासात सीएचएला फोन करा. पेटी अजून सहारला असेल तर ती परत घेता येते. विमानात बसली असेल तर कुरियर किंवा एअरलाइनला लेखी कळवा की पोच करू नका. मग बॅच नंबर, व्हायलची संख्या आणि पहिला खरेदीदार एका कागदावर मांडा. तो तक्ता आधीपासून भरलेला असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, नसेल तर आठवडा जाईल. तो कागद जोडून तिकडच्या औषध नियंत्रकाला, तुरुंग खात्याला आणि राज्याच्या महाधिवक्त्याला एकाच दिवशी पत्र पाठवा: माल आमचा, फसवून घेतलेला, पूर्ण पैसे परत द्यायला तयार आहोत. कैद्याचे वकील कोण आहेत ते जाहीर असतं, त्यांनाही प्रत द्या, कारण न्यायालयात ते पत्र लगेच सादर करायला ते मोकळे असतात. आपल्याकडच्या एफडीएला, म्हणजे राज्याच्या औषध प्रशासनाला, दलालाबद्दल लेखी तक्रार द्या. आणि त्या दलालाचं नाव, त्याच्या इतर कंपन्यांची नावं, मेलचे पत्ते, बँक खातं, सगळं सेल्सच्या प्रत्येक माणसाकडे त्याच संध्याकाळी गेलेलं असू द्या. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या नावानं फोन करतो.